रविवारपर्यंत ठेवलेला पाव

८ जून

वहिनींना नमस्कार.

गुरुवारचा पाव पोचला. साल खरपूस, आत जाळी छान पडलेली, आणि दादाच्या हातची ती किंचित आंबट चव. काहीच कमी नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना बरेच कागद फाडून झाले. गेले काही महिने माझ्या अंगावर पित्त उठतंय. मानेवर, पाठीवर, दंडांवर लाल गांधी. काचा घासताना हात ओले असतात, त्यामुळे खाजवताही येत नाही. पुढे गिऱ्हाईक नवा चष्मा घालून आरशात बघतंय आणि मागच्या खोलीत मी दाराच्या चौकटीला पाठ घासतोय, असं सगळं चाललं होतं. शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एकेक पदार्थ बंद करून पाहिला आणि यीस्टवर बोट ठेवलं. पाकिटातलं यीस्ट नको आणि आपल्याकडच्या आंबवलेल्या पिठातलंही नको, त्यातही तेच असतं म्हणे.

तेव्हा यापुढे पावाचा त्रास घेऊ नये ही विनंती. दादा गेल्यावरही तुम्ही त्याचा नेम चालू ठेवलात, त्याबद्दल आभार कसे मानावेत ते कळत नाही. दुकान, भट्टी, गिऱ्हाईक, सगळं तुमच्या एकटीच्या अंगावर. त्यात माझी भर नको.

चष्मा ठीक आहे ना? दांडी सैल झाली असल्यास कळवावे.

आपला नम्र


१२ जून

भाऊजी,

पत्र उघडलं आणि आधी वाटलं, एखाद्या बँकेचं आहे. 'विनंती', 'आभार', 'त्रास घेऊ नये', खाली 'आपला नम्र'. ह्यांच्या धाकट्या भावाने वहिनीला पत्र लिहिलंय की दुकानाला नोटीस धाडली आहे, तेच कळेना.

आधी तब्येतीचं. अंगावर पित्त घेऊन महिनोन्महिने बसलात आणि आम्हाला पत्ता नाही. गरम पाण्याने आंघोळ करू नका, लोकरीचं काही अंगाला लावू नका, आणि त्या चौकटीचा रंग तुमच्या पाठीला लागत नाही ना ते बघा.

आता पावाचं. हे असताना दर गुरुवारी पाव जायचा. हे गेले त्या आठवड्यातही गेला. मी तो रडत रडत बांधला होता, एका बाजूने चेपला होता, आठवत असेल. गुरुवारी मी पार्सल घेऊन बसथांब्यावर जाते, ड्रायव्हरशी चार शब्द बोलते. मग तुमच्या पत्राची वाट बघते. बाकी आठवडाभर माझं बोलणं म्हणजे 'कापून देऊ की अख्खा नेता?' एवढंच. तेव्हा पाव बंद म्हणजे सगळंच बंद का, ते सरळ लिहा. मला मूलबाळ नाही, माहेरचं कुणी उरलं नाही. हे गेल्यावर मी तुमची वहिनी आहे की नाही, एवढं एकदा सांगून टाका. नसेन तर तसं सांगा, मी काही रडत बसणार नाही. रडले तरी तुम्हाला कळवणार नाही.

आणि असेन, तर डॉक्टरीणबाईंना विचारा. खाण्याचा सोडा चालतो का? बेकिंग पावडर? ताक? अंडं? पाववालीच्या दिराने पावाविना दिवस काढायचे म्हणजे आमची शोभा आहे.

वहिनी (अजून तरी)

दांडी सैल आहे. उजवी.


२२ जून

वहिनींना नमस्कार.

मागच्या पत्राच्या भाषेबद्दल क्षमा असावी. (पुन्हा तेच झालं. दिवसभर गिऱ्हाइकांना 'कृपया वर बघावे, कृपया खाली बघावे' म्हणून म्हणून जीभच तशी वळली आहे.)

डॉक्टरीणबाईंना सगळं विचारलं. सोडा चालेल. बेकिंग पावडर चालेल. अंडं फेटून फुगवलेलं चालेल. ताक माझ्या बाबतीत चालायला हरकत नाही म्हणाल्या, पण आधी थोडं घेऊन बघा. पातळ लाटून तव्यावर भाजलेलं, न फुगवलेलं काहीही बिनघोर खा. विकतचं आणताना मात्र पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायची. आजवर ती अक्षरं दुसऱ्यांना दिसावीत म्हणून काचा घासल्या, स्वतः कधी वाचली नव्हती. यीस्ट कुठे कुठे लपलेलं असतं ते वाचून थक्क झालो. सुपाच्या वडीतसुद्धा.

सध्या उकडलेले बटाटे आणि भात यांवर भागतं. बटाटा वाईट नाही. पण त्याची कुणी वाट बघत नाही.

तुमच्या दुसऱ्या, नात्याच्या प्रश्नाचं उत्तर सावकाश लिहीन. आत्ता टपालपेटी उघडायची वेळ झाली आहे.

आपला नम्र


८ जुलै

भाऊजी,

तुमची टपालपेटी फारच सोयीच्या वेळी उघडते.

पहिला पाव वाया गेला. चूक माझी नाही, माझ्या हातांची. सोड्याच्या पिठाला मळायचं नसतं. पिठात सोडा, मीठ, ताक. बोटांनी जेमतेम गोळा करायचा, वरून सुरीने फुली मारायची आणि ताबडतोब भट्टीत. इतकं सोपं. पण हातांना कोण सांगणार? लग्न होऊन आले तेव्हापासून ते मळतच आहेत. मी उभी राहून तुमच्या सावकाश येणाऱ्या उत्तराचा विचार करत होते आणि हात आपले मळतायत, मळतायत. भट्टीतून जे निघालं ते मी दुकानाच्या दाराला लावून ठेवलंय, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. उत्तम काम करतं.

दुसऱ्या खेपेला एक हात पाठीमागे धरला आणि दुसऱ्यानेच गोळा केला. जमला. वाफ निघत होती तोच तोडला, लोणी लावलं आणि उभ्याउभ्याच खाल्ला. भाऊजी, ह्या भट्टीतून आज पहिल्यांदा असं काहीतरी निघालं जे मला ह्यांनी शिकवलेलं नव्हतं. आधी फार बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. सांगायचं कुणाला, तर समोर पिठाची पोती. म्हणून तुम्हाला लिहिते.

ओटच्या चकत्यासुद्धा करून पाहिल्या, बिनसोड्याच्या, नुसतं पाणी आणि लोणी घालून. चवीला बऱ्या आहेत, टिकतात पण. मात्र एक घास चावला की शेजारच्याला ऐकू जातो. आणि कितीही झालं तरी तो काही पाव नव्हे.

परवा गुरुवारी सोड्याचा पाव पाठवते आहे. कसा झाला ते खरंखरं लिहा.

वहिनी


१३ जुलै

वहिनींना नमस्कार.

पाव पोचला. मी थक्क झालो. साल खरपूस, आत मऊसूत, आणि दादाच्या हातची ती किंचित आंबट चव. यीस्टशिवाय हे साधलं कसं, तुमचं तुम्हालाच ठाऊक.

नेहमीप्रमाणे आज सकाळी चहाबरोबर पहिला तुकडा कापला. तुम्हाला कधी सांगितलं की नाही आठवत नाही. मी शिकायला म्हणून घर सोडून इथे आलो तेव्हा दादाने पहिल्या पार्सलात चिठ्ठी घातली होती, की पाव प्रवासाने शिणलेला असतो, त्याला रविवारपर्यंत हात लावू नकोस, तिसऱ्या दिवशी त्याची चव उघडते. तो नियम मी आजवर मोडलेला नाही. रविवारी दुकान बंद असतं आणि मला दुसरं काही करायचं नसतं. खिडकीशी बसून हळूहळू खातो. रस्त्यात समोरच्या घरातली माणसं एकत्र कुठेतरी निघतात, ती दिसेनाशी होईपर्यंत एक तुकडा पुरतो.

ताक चांगलं मानवलं. अंगावर एकही गांध नाही.

आपला नम्र


२० जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि काहीतरी खटकलं. म्हणून या गुरुवारी जुळे पाव भाजले. एक तुमच्या पार्सलात घातला आणि एक फडताळात ठेवला, तुमच्या नियमाप्रमाणे रविवारपर्यंत.

आज सकाळी तो कापायला घेतला. साध्या सुरीने ओरखडाही उठेना. दात्यांची सुरी घेतली तर ती घसरून माझ्या अंगठ्यावर आली. शेवटी फरशीवर आपटला तेव्हा त्याचे तीन तुकडे झाले आणि फरशीचा एक टवका उडाला. सोड्याचा पाव त्याच दिवशी खायचा असतो, भाऊजी. संध्याकाळपर्यंत ठीक, मग संपला. ह्यांच्या पावासारखं त्याला प्रवास करणं माहीत नाही. हे मला कळायला हवं होतं, पण मी तो कधी उरवलाच नव्हता.

तर मऊसूत काय होतं? आणि ह्यांच्या हातची आंबट चव सोड्यात कुठून आली? ताकाची म्हणाल, तर ताकाची चव ताकासारखी लागते.

पाव वाईट झाला याचा मला राग नाही. वाईट झाला तर पुन्हा करू. घरचा माणूस पाव बिघडला की तोंडावर सांगतो, तुकडा बशीत सरकवतो आणि वर 'मीठ बघ जरा' म्हणतो. हे तसेच होते, आयुष्यात एकदा छान म्हणाले असतील तर शपथ. पाहुणा मात्र सगळ्याला छान म्हणतो, कारण त्याला उठून जायचं असतं. तुम्ही कोण, ते तुम्ही ठरवा. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निदान त्यावरून तरी कळेल.

आणि हेही सांगा. याच्या आधीचे पाव तुम्ही खात होतात ना?

दाताला जपा.

वहिनी


२१ ऑगस्ट

वहिनी,

महिनाभर पत्र लिहिलं नाही. रोज दुकानातून आलो की कागद पुढे ओढायचो आणि मग चहा करायचो.

सोड्याचा पाव दगड झाला होता. दुकानात नेऊन काचा घासायच्या चाकावर धरावा असंही मनात आलं. मी तो खाल्ला नाही. पत्रातलं वाक्य जुनंच होतं, पेन आपसूक तसंच चाललं.

आधीच्या पावांचं विचारलंत. डॉक्टरीणबाईंनी यीस्ट बंद केलं ते जूनमध्ये नाही, मार्चमध्ये. तेव्हापासून दर गुरुवारी मी बसथांब्यावर जायचो, ड्रायव्हरकडून पार्सल घ्यायचो, काखेत धरून घरी यायचो आणि खालच्या मजल्यावर मास्तरीणबाई राहतात त्यांच्या हातात द्यायचो. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच असतात. दार उघडायच्या, पाव घ्यायच्या, 'आभारी आहे' म्हणायच्या, दार लागायचं. मग मी वर येऊन तुम्हाला लिहायचो की साल खरपूस होती. सगळं आठवणीतून. जूनमध्ये त्या बहिणीकडे गेल्या. पाव माझ्या टेबलावरच राहिला, खोलीभर वास. रविवारी न राहवून एक तुकडा खाल्ला. त्या पत्रातली चव तेवढी खरी होती, वहिनी. दुपारपर्यंत डोळे सुजून जेमतेम उघडे राहिले. तेव्हाच तुम्हाला लिहिलं, आता हे थांबवायला हवं म्हणून.

आधीच का सांगितलं नाही म्हणाल. सांगितलं असतं तर पार्सल थांबलं असतं. दुकानात मालक मला 'अहो' म्हणून हाक मारतात. गिऱ्हाईक माझं तोंडही बघत नाही, मी मागच्या खोलीत. आठवड्यातून एकदा ड्रायव्हर बसमधून उतरायचा आणि गर्दीत हात वर करून म्हणायचा, 'तुमच्या घरून आलंय.' तेवढं ऐकायला मी जात होतो.

रागवा. पण वाचून टाका.

आपला


२७ ऑगस्ट

भाऊजी,

वाचलं.

तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही, ती सांगते. दुकानातले पाव केव्हाचे पाकिटातल्या यीस्टवर होतात. हे आजारी पडले तेव्हापासून. पटकन फुगतात, एकटीला झेपतात, गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. ह्यांच्या आंबवलेल्या पिठाची बरणी मी ठेवली होती ती फक्त तुमच्या पावासाठी. रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी त्यातलं थोडं काढून टाकायचं, तेवढंच ताजं पीठ आणि पाणी घालायचं, ह्यांच्याच लाकडी चमच्याने ढवळायचं. एवढं सगळं आठवड्याच्या एका पावासाठी. ह्यांनी स्वतः लावलेलं, जिवंत, असं जगात तेवढंच उरलं होतं. मला वाटायचं, ते खाणारी आपण दोन माणसं आहोत. मी कडेचा तुकडा ठेवून घ्यायचे आणि बाकीचा तुम्हाला.

ते तुम्ही जिन्यात एका परक्या बाईच्या हातात देत होतात. आणि मला लिहीत होतात, दादाच्या हातची चव.

तुमचं एकटेपण मला कळतं. ते मला कुणी शिकवायला नको. पण तुम्ही एक ओळ लिहिली असतीत तर मी रिकामा डबासुद्धा पाठवला असता. ड्रायव्हरला काय, त्याने हात वर केलाच असता.

जूननंतरही बरणी सांभाळत होते, कशासाठी ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. परवा सोमवारपासून पीठ घातलेलं नाही. फडताळात मागे सरकवून ठेवली आहे. धुवायचा धीर झाला की धुवीन.

उद्या बसथांब्यावर जाऊ नका. काही येणार नाही.


२९ ऑगस्ट

वहिनी,

बरणी धुऊ नका. बाकी काय बोलायचं ते मला बोला, पण बरणी धुऊ नका.

काल गुरुवारी मी बसथांब्यावर गेलो. तुमचं पत्र आजच हातात पडलं, त्यामुळे काल मला काही माहीत नव्हतं. ड्रायव्हरने नुसती मान हलवली. मोकळ्या हाताने जिन्यात शिरलो तर मास्तरीणबाई दारात उभ्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदा स्वतःहून बोलल्या. विचारलं, पाव येईनासा झाला का, पाठवणाऱ्यांचं सगळं बरं आहे ना. मी गडबडलो. पाव मीच विकत आणून देतो असं त्यांना वाटत असेल अशी माझी समजूत होती. त्या म्हणाल्या, पार्सलाची गाठ दर वेळी एकाच हाताची असायची, विकतच्या पावाला अशी गाठ कोण मारतं.

मग त्यांनी आत बोलावलं. खोली माझ्यासारखीच, खिडकीही त्याच रस्त्यावर. मी सगळं सांगितलं, माझ्या पित्तासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग जे बोलल्या ते तसंच्या तसं लिहितो.

"पहिल्या दिवशी तो पाव मला साधाच लागायचा. मग एकदा तसाच राहून गेला आणि रविवारी कापला. त्या दिवसापासून मी रविवारशिवाय त्याला हात लावला नाही."

मी त्यांना दादाचा नियम सांगितलेला नव्हता. कधी बोललोच नव्हतो, तर सांगणार काय?

वहिनी, मी चुकलो आणि ते मी फिरवू शकत नाही. पण तो पाव वाया गेला नाही. एक बाई माझ्या पायांखालच्या खोलीत, माझ्यासारख्याच खिडकीशी बसून, तो दादाने सांगितला तसा खात होती. मी खाऊ शकत नाही म्हणून तो बंद पडू नये. दर गुरुवारी येईल तो मी खाली पोचवीन, आणि या वेळी तुम्हाला ठाऊक असताना.

आणखी एक. दादाला पोचवायला आलो होतो, त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. दुकानात तो नसलेला बघायला नको होता. तुम्ही तो रोज तसाच बघता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सोड्याच्या पावाला प्रवास करता येत नसेल तर मी करतो. ७ तारखेला रविवार आहे. येऊ का?


३ सप्टेंबर

भाऊजी,

बरणी धुतली नव्हती. तुमचं पत्र आलं तेव्हा उघडून पाहिली. वर करड्या रंगाचं पाणी साचलेलं, वास असा की नाक धरावं. पाणी ओतून दिलं, चमचाभर पीठ घातलं. दुसऱ्या दिवशी काही नाही. पुन्हा घातलं, आणि मी तिच्यावर ओरडलेही, दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं. आज सकाळी कडेला बारीक बुडबुडे दिसले. मी भट्टी पेटवायची विसरून तिथेच उभी राहिले. पाव उशिरा निघाले आणि गिऱ्हाइकांनी बोलून घेतलं.

मास्तरीणबाईंना सांगा, जीव धरायला तिला थोडे दिवस लागतील, मग गुरुवारी पार्सल येईल. त्यांच्या नावाने येईल. तुम्ही फक्त हमाल.

माझा राग गेलेला नाही. निम्मा गेलाय. उरलेल्याचं समोरासमोर बघू.

रविवारी या. मोकळ्या हाताने या, फक्त तो बारीक पेचकस आणा, दांडी आता कानावरून घसरते. दुकानाच्या दारातून पूल दिसतो. बस पुलावर दिसली की मी पीठ कालवायला घेईन, म्हणजे तुम्ही हातपाय धुऊन बसेपर्यंत पाव बाहेर येईल. थांब्यावर उतरून रेंगाळू नका. तो थांबणारा पाव नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. नुसती आठवण करून देते.

वहिनी


१४ सप्टेंबर

वहिनी,

गेल्या रविवारी निघताना तुम्हाला काहीतरी बोलायचं असं ठरवून आलो होतो. मग बोलणं राहिलंच. इतक्या पत्रांनंतर आपण समोरासमोर बसलो. तुम्ही पिठाच्या पोत्याची धूळ झटकत राहिलात आणि मी तुमचा चष्मा घेऊन स्क्रू पिळत बसलो. तो एवढा वेळ पिळण्यासारखा नव्हता, तुमच्या लक्षात आलंच असेल. दादाची बसायची जागा आपण दोघांनीही मोकळी सोडली होती.

मग पाव बाहेर आला आणि तुम्ही म्हणालात, "बघत काय बसलात, वाफ आहे तोवर." बोटं भाजली, लोणी मनगटावर ओघळलं, पण मी मध्ये थांबलो नाही. त्याला दादाची चव नव्हती. ती दुसरीच होती, आणि चांगली होती. हे खरं लिहितो आहे. दाराला लावलेला तुमचा पहिला पावही पाहिला. अजून तुकडा पडलेला नाही त्याचा.

घरी आलो तर खोली होती तशीच. चावी फिरवली, दिवा लावला, आणि वाटलं, एवढ्या वर्षांत ही खोली इतकी रिकामी कधी लागली नव्हती. पार्सलांच्या दिवसांत हे कळायचं नाही. कुणाकडे तरी जाऊन आलं की कळतं.

उरलेला अर्धा पाव तुम्ही फडक्यात बांधून दिला होतात आणि बस सुटेपर्यंत बजावत होतात, आजच्या आज संपवा. मी तो टेबलावर ठेवला. सोमवारी बघितला, मंगळवारी बघितला. सवयच ती. आज रविवारी चहा केला आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं म्हणून खिडकीशी बसलो, आणि तो कापायला घेतला. सुरी चालली नाही. उंबऱ्यावर आपटून फोडला. खालून मास्तरीणबाईंनी विचारलं, काय पडलं म्हणून. मग एकेक तुकडा चहात बुडवून बुडवून सगळा खाल्ला. कपाच्या तळाशी पीठ साचलं. गरम असताना कळलं नव्हतं, पण मीठही जास्त आहे.

वाईट होता, वहिनी. अगदी वाईट.

पुढच्या रविवारी येतो. मीठ बघा जरा.

तुमचा
भाऊजी